ॲडेनॉइड शोधणारे डॉक्टर मेयर आणि आजीचा प्रश्न

सांगोल्यात एखादं पोरगं रात्री तोंड उघडं ठेवून घोरायला लागलं, सर्दी काही हटेना, की आईबाप त्याला पंढरपूर, मिरज नाहीतर सोलापूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेतात. ॲडेनॉइड आणि टॉन्सिल्स काढायचं ठरतं. घरी आल्यावर आजी विचारतेच, काढल्यावर पोराची प्रतिकारशक्ती जाणार नाही ना?

या गोष्टीची सुरुवात होते डेन्मार्कमध्ये, डॉ. विल्हेल्म मेयर यांच्यापासून.

मेयर यांचा जन्म १८२४ चा, फ्रेडेरिशिया गावचा. पुढे ते कोपनहेगनमध्ये प्रॅक्टिस करू लागले. तर झालं असं की, १८६७ मध्ये त्यांच्याकडे एक तरुण मुलगी आली. ऐकायला कमी, आवाज नाक चोंदल्यासारखा. मेयर यांनी तोंडातून बोट घालून पडजिभेच्या मागे वरच्या बाजूला चाचपलं, तर तिथे मऊ मांस वाढलेलं. हेच ॲडेनॉइड. ते काढायला त्यांनी नाकातून आत जाणारी, कडीच्या आकाराची छोटी सुरी बनवली आणि १८६८ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला.

त्याआधी अशी मुलं सरळ मंद ठरवली जायची. खरं तर त्यातल्या कित्येकांना वर्गात नीट ऐकूच येत नसे.

१८९५ मध्ये मेयर व्हेनिसला वारले. तीन वर्षांनी कोपनहेगनमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला, तोही देशोदेशीच्या डॉक्टरांच्या वर्गणीतून. घशाच्या डॉक्टरचा पुतळा, विचार करा!

पण आजीचा प्रश्न मेयर यांना पडणं शक्यच नव्हतं. अँटीबॉडीचा शोध १८९० चा. ॲडेनॉइड-टॉन्सिल्स ज्या लिम्फोसाइट पेशींनी भरलेले असतात, त्यांचं काम नीट कळायला १९६० चं दशक उजाडलं. तोवर जगभर लाखो मुलांचे टॉन्सिल्स निघून गेले होते.

योगायोग असा की १५० वर्षांनी, २०१८ मध्ये, डेन्मार्कमधल्याच सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वयाच्या नवव्या वर्षाआधी टॉन्सिल्स काढलेल्यांमध्ये पुढे नाका-घशाचे आजार जवळपास तिप्पट दिसले. मात्र ही मुलं आधीपासूनच जास्त आजारी असण्याची शक्यता आहे, त्यामुळे दोष ऑपरेशनचाच असं म्हणता येत नाही. दुसरीकडे, रक्त तपासणाऱ्या बऱ्याच अभ्यासांत अँटीबॉडी थोड्या घटल्या तरी मुलांची प्रतिकारशक्ती कोलमडल्याचं दिसलं नाही. शरीरात हेच काम करणाऱ्या गाठी इतर ठिकाणीही असतात.

ॲडेनॉइड वयात येईपर्यंत बहुधा आपोआप आकसतं. म्हणून त्रास हलका असेल तर डॉक्टर थांबून बघतात. पण झोपेत श्वासच अडकत असेल, तर थांबण्याचा धोका ऑपरेशनपेक्षा मोठा ठरू शकतो.