बेसीचे ऋण

जॅनिस जॉप्लिनचा जन्म १९४३ साली टेक्सासमधील पोर्ट आर्थर या तेलशुद्धीकरणाच्या गावी झाला. या गोऱ्या मुलीने गाणे आत्मसात केले ते बेसी स्मिथ या कृष्णवर्णीय ब्लूज-गायिकेच्या ध्वनिमुद्रिकांवरून. १९६७च्या मॉन्टेरे महोत्सवात तिला कीर्ती मिळाली तीही बिग मामा थॉर्नटनच्या गीतावर. पुरुषप्रधान रॉकसंगीतात तिने रूढ केलेला स्त्रीचा आर्त, फाटका स्वर असा उसना होता, आणि हे तिने लपविले नाही. (सर्वच गोऱ्या गायकांविषयी असे म्हणता येत नाही.) फिलाडेल्फियाजवळची बेसीची कबर १९३७ पासून निनावी होती. ऑगस्ट १९७० मध्ये तीवर नामशिला बसली. खर्चाचा वाटा जॉप्लिनने उचलला होता. दोन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, लॉस एंजेलिस येथे हेरॉइनच्या अतिसेवनाने जॉप्लिनचा अंत झाला. वय अवघे २७. तिची रक्षा पॅसिफिक महासागरात विसर्जित करण्यात आली.