प्रिया तेंडुलकर : प्रश्न विचारणारी अभिनेत्री आणि लेखिका



परिपाठात आपण थोर व्यक्तींचा परिचय करून देतो तेव्हा संत, समाजसुधारक, स्वातंत्र्यसैनिक आणि शास्त्रज्ञ येतात. दूरदर्शनच्या मालिकेत काम करणारी अभिनेत्री त्या यादीत सहसा नसते. आज मात्र मी तुम्हाला अशाच एका अभिनेत्रीबद्दल सांगणार आहे. तुमच्यापैकी जे १९८५ च्या सुमारास कळत्या वयात होते, त्यांना 'रजनी' म्हटलं की चेहरा लगेच आठवेल. ज्यांनी १९९५ नंतर 'हम पाँच' पाहिली, त्यांना भिंतीवरची बोलणारी तसबीर आठवेल. दोन्ही भूमिका एकीच्याच, प्रिया तेंडुलकर यांच्या. आणि त्या मराठीतल्या चांगल्या कथालेखिकाही होत्या, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

घर आणि सुरुवात

प्रिया तेंडुलकर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ रोजी झाला. वडील म्हणजे ज्येष्ठ नाटककार विजय तेंडुलकर. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'सखाराम बाइंडर', 'घाशीराम कोतवाल' ही त्यांची नाटके. यातल्या 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' या नाटकांवरून १९७२ च्या सुमारास महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. 'सखाराम'चे प्रकरण तर सेन्सॉर मंडळापासून न्यायालयापर्यंत गेले. प्रिया तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. समाजाला अवघड प्रश्न विचारला की काय सोसावं लागतं, हे त्यांनी पुस्तकात वाचायच्या आधी घरातच पाहिलं होतं.

मोठ्या लेखकाची मुलगी म्हणून सगळं आयतं मिळालं असेल, असं आपल्याला वाटतं. पण त्यांनी पंचतारांकित हॉटेलात स्वागतिकेची नोकरी केली, हवाई सुंदरी म्हणून काम केलं, मॉडेलिंग केलं, बातम्याही वाचल्या. या अनुभवांचा पुढे त्यांना लेखनात उपयोग झाला. १९७४ मध्ये श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर' चित्रपटात जमीनदाराच्या मुलाची तरुण बायको त्यांनी केली. पुढे 'गोंधळात गोंधळ', 'थोरली जाऊ', 'मुंबईचा फौजदार' असे मराठी चित्रपट आले. 'मिंचिना ओटा' या कन्नड चित्रपटातही त्या होत्या.

'रजनी' आणि टॅक्सीचालकांचा मोर्चा

१९८५ मध्ये दूरदर्शनवर बासू चटर्जी दिग्दर्शित 'रजनी' ही हिंदी मालिका सुरू झाली. रजनी ही साधी गृहिणी. तिच्या हातात सत्ता नाही, ओळखीपाळखी नाहीत. गॅसचे सिलिंडर आणून देणारा वरचे पैसे मागतो, ती देत नाही. एवढ्यावर न थांबता ती तक्रार करायला जाते. एखाद्या भागात टॅक्सीवाले, एखाद्या भागात कुठले तरी कार्यालय. आपण सगळे जिथे "जाऊ दे ना" म्हणून सोडून देतो, तिथे ती थांबते आणि हे असं का, म्हणून विचारते. मालिकेत चिमटे होते, हसू होते. म्हणून ती उपदेशासारखी वाटली नाही.

परिणाम किती झाला ते पाहा. टॅक्सीचालकांवरचा भाग दाखवल्यावर मुंबईतले टॅक्सीचालक एवढे चिडले की त्यांनी दूरदर्शन केंद्रावर मोर्चा नेला. मालिकेतल्या एका बाईविरुद्ध खराखुरा मोर्चा! पुढच्याच वर्षी, म्हणजे २४ डिसेंबर १९८६ रोजी देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. तो मालिकेमुळे झाला असं म्हणणं बरोबर नाही, त्यामागे ग्राहक चळवळीचं अनेक वर्षांचं काम होतं. पण ग्राहकाला हक्क असतो ही गोष्ट घराघरात स्वयंपाकघरापर्यंत नेली ती रजनीने. २४ डिसेंबरला आपण राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा करतो, त्या दिवशी ही माहिती मुलांना जरूर सांगा.

मालिकेतल्या पतीची भूमिका करणारे अभिनेते व लेखक करण राझदान यांच्याशी १९८८ मध्ये प्रिया यांचा विवाह झाला. पुढे ते वेगळे झाले.

लोक मात्र त्यांना रजनीच समजू लागले. प्रत्येक अन्यायाशी ही बाई लढणार, अशी अपेक्षा धरू लागले. एखाद्या भूमिकेचं यश कलावंताला असं बांधून टाकतं. प्रिया यांनी त्यातूनही वाट काढली. पुढे 'प्रिया तेंडुलकर शो' सारख्या चर्चेच्या कार्यक्रमांत त्या समोरच्या माणसाला थेट, टोकदार प्रश्न विचारत. आता हे प्रश्न रजनीचे नव्हते, त्यांचे स्वतःचे होते.

भिंतीवरची बायको

१९९५ मध्ये 'झी टीव्ही'वर 'हम पाँच' ही विनोदी मालिका आली. पाच मुलींचा त्रासलेला बाप अशोक सराफ. त्यांची पहिली बायको वारलेली, पण हार घातलेल्या तसबिरीतून ती नवऱ्याशी बोलते, त्याला टोमणे मारते. ती तसबीर म्हणजे प्रिया तेंडुलकर.

विचार करा, ही भूमिका किती अवघड! चालणं नाही, हातवारे नाहीत, एका चौकटीत बसून फक्त चेहरा आणि आवाज यांवर हसवायचं. समोर अशोक सराफ यांच्यासारखा विनोदाचा बादशहा. तरीही तसबीर लक्षात राहिली. नेमका शब्द, नेमका थांबा आणि डोळे एवढ्या भांडवलावर विनोद उभा राहतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

लेखिका

'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला' हे त्यांचे कथासंग्रह. 'पंचतारांकित' हे त्यांचं आत्मपर लेखन. पडद्यावर ठामपणे बोलणारी ही बाई कागदावर शांतपणे लिहायची. पडद्यावर दुसऱ्याने लिहिलेलं बोलायचं असतं, कागदावर मात्र शब्द स्वतःचा. वडिलांचं नाव एवढं मोठं असताना त्याच भाषेत लिहायला बसणं सोपं नव्हतं. तुलना होणार हे ठरलेलंच. तरी त्यांनी लिहिलं.

शेवटची काही वर्षे त्या कर्करोगाशी झुंजत होत्या. १९ सप्टेंबर २००२ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. लेक गेल्याचं दुःख विजय तेंडुलकरांना पाहावं लागलं.

आपल्या वर्गासाठी

आता हे सगळं शिक्षक-पालकांना कशासाठी सांगायचं? आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग असो, मुरूड असो की श्रीवर्धन, मासळीबाजारात बसलेली बाई भावावरून कोणाला हार जात नाही. पण तिचीच मुलगी वर्गात हात वर करायला लाजते. कारण प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आपणच "फार बोलते", "उद्धट आहे" म्हणतो. मुलगा विचारतो तेव्हा तो हुशार ठरतो, मुलीने विचारलं की ती आगाऊ ठरते. हा फरक घरात होतो आणि, खरं सांगायचं तर, शाळेतही होतो. आपण उत्तरं पाठ करून घेतो. प्रश्न कसा विचारायचा, हे शिकवायचं राहूनच जातं.

म्हणून तीन छोटे उपक्रम सुचवते.

१. बोलकी तसबीर : पुठ्ठ्याची चौकट करा. मुलाने ती चेहऱ्यासमोर धरून, हात न हलवता, एका मिनिटात घरातल्यांना काही सांगायचं. वाचनातले चढउतार आणि विराम मुलं आपोआप शिकतात.

२. रजनीचे पत्र : पत्रलेखनाच्या तासाला खरा विषय द्या. गावातला बंद नळ, शाळेजवळचा खड्डा, वेळेवर न येणारी एसटी. मुद्दा स्पष्ट हवा, भाषा नम्र हवी.

३. आजचा प्रश्न : रोज एका मुलाने किंवा मुलीने फळ्यावर एक प्रश्न लिहायचा. उत्तर आपल्याला येत नसेल तर तसं सांगा आणि मुलांबरोबर शोधा. मुलींची पाळी चुकणार नाही, एवढं मात्र बघा.

पालकहो, तुमची मुलगी दुकानात बिल मागत असेल, एसटीत सुटे पैसे मागत असेल, तर तिचा हात मागे ओढू नका. आवाज न चढवता, हसतमुखाने आणि न घाबरता विचारता येतं, एवढं तिला दाखवा. प्रिया तेंडुलकर यांना हे छान जमत होतं. आपल्या मुलींनाही जमेल.