एका थपडेनंतरचा चेहरा

ठाण्याच्या अशोक टॉकीजमध्ये 'श्री ४२०' पुन्हा लागला होता, तेव्हा मी शाळेत होतो. केळी विकणारी गंगामाई पडद्यावर आली आणि शेजारी बसलेली आई पुटपुटली, की या बाई एके काळी नायिका होत्या. मला ते मुळीच खरे वाटले नाही.

पण ते खरे होते. ललिता पवार, म्हणजे १९१६ साली येवल्यात जन्मलेली अंबा सगुण. मूकपटांच्या जमान्यात बालकलाकार म्हणून आली आणि बघता बघता नायिका झाली. १९३२ च्या 'कैलास' या मूकपटात तिने काम तर केलेच, शिवाय निर्मितीतही भाग घेतला. वय अवघे सोळा! आमच्या बँकेत त्या वयाच्या मुलीचे साधे कर्जही मंजूर झाले नसते. पुढे १९३७ साली टॉलस्टॉयच्या कादंबरीवर बेतलेला 'दुनिया क्या है' आला.

आणि मग १९४२ साल उजाडले. चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी त्यांना थोबाडीत मारायची, असा प्रसंग होता. हात जरा जास्तच जोरात बसला. त्यामागे वैर नव्हते, अंदाज चुकला एवढेच. पण चेहऱ्याची बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्यातली शीर फुटली. सुमारे तीन वर्षे औषधोपचार झाले. डोळा मात्र कायमचा बारीक झाला. पंचविशी नुकती ओलांडलेल्या नायिकेचे भांडवल असे एका क्षणात बुडाले.

ललिताबाईंनी त्या डोळ्यासकट काम मागितले. 'रामशास्त्री'तली आनंदीबाई, 'दहेज'मधली सासू, १९५९ च्या 'अनाडी'तली वरून कडक, आतून मायाळू मिसेस डिसा. या शेवटच्या भूमिकेने फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला, १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही गौरवले.

हे सारे आठवायचे कारण माझी डोंबिवलीची भाची. लग्न तोंडावर आले आहे आणि तिला गालांत व ओठांत 'फिलर' भरून घ्यायचे आहे. घोडबंदर रोडपासून फडके रोडपर्यंत अशा पाट्या आता सर्रास दिसतात. त्यातल्या हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे नाव ऐकून आमची ही दचकली. पण हे तेजाब नव्हे. आपले शरीर ते स्वतःच बनवते. त्वचेत आणि सांध्यांत ते पाणी धरून ठेवते. गुडघेदुखीवरही त्याची इंजेक्शने देतात. गंमत म्हणजे १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर व जॉन पामर यांना ते सापडले, ते गाईच्या डोळ्यात!

नैसर्गिक द्रव्य शरीरात लवकर विरते, म्हणून फिलरसाठी त्याचे धागे रसायनाने एकमेकांत गुंतवून जेली करतात. ती साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकते. थोडी सूज, काळानिळा डाग हे नेहमीचे, आठवड्या-दोन आठवड्यांत जाणारे. खरी भीती वेगळीच. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर रक्तप्रवाह अडतो, त्वचा मरते. क्वचित डोळ्याची रक्तवाहिनी बंद होऊन दृष्टी जाते. नाक आणि भुवयांमधली जागा त्यात सर्वांत धोक्याची. असह्य वेदना, कातडी पांढरी पडणे, अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाले तर एक मिनिटही थांबायचे नाही. ही जेली विरघळवणारे हायल्युरोनिडेज नावाचे औषध असते. ते दवाखान्यात हाताशी हवे. ब्यूटी पार्लरमध्ये, किंवा सुईविना भरणाऱ्या पेनने घरच्या घरी, हा उद्योग करूच नये.

भाचीने विचारले, काका, ललिताबाईंना त्या काळी हे मिळाले असते तर? मी म्हटले, चेहऱ्याच्या पक्षाघातात दोन गालांतला फरक झाकायला काही डॉक्टर फिलर वापरतात खरे. पण मेलेली नस त्याने जिवंत होत नाही आणि तो डोळाही पूर्वीसारखा झाला नसता. १९८७ साली दूरदर्शनच्या 'रामायणा'त मंथरा म्हणून तोच डोळा बारीक झाला, तेव्हा आमच्या चाळीतल्या बायकांनी कडाकडा बोटे मोडली होती. १९९८ साली पुण्यात बाई गेल्या.

भाचीने अजून नाही म्हटलेले नाही. मात्र काल तिने त्वचारोगतज्ज्ञांना फोन करून आधी एवढेच विचारले, की ते विरघळवणारे औषध तुमच्याकडे असते का?