पानी, पाणी आणि डॉक्टर भांडारकर

मित्रांनो, खरं सांगायचं तर हा लेख मी रागाच्या भरात लिहायला घेतला होता. लिहिता लिहिता राग कुठे गेला ते कळलंच नाही आणि कागदावर उरले ते डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर. हे कसं झालं तेच सांगतो.

टी.ई.ला असताना आम्ही चौघांनी आवाजावर चालणारा पंपाचा स्विच बनवला होता. माईकसमोर 'पाणी' असं म्हटलं की रिले ऑन, मोटर सुरू. प्रोग्रॅमला शब्द शिकवायला आवाज दिले ते माझ्या तीन मित्रांनी. एक पुण्याचा, दोघे डोंबिवलीचे. मी तेव्हा सोल्डरिंग करत बसलो होतो. स्पर्धा दुसऱ्या एका कॉलेजात होती आणि ऐन वेळी डेमो द्यायची पाळी माझ्यावर आली. मी कळंबोली गावठाणातला आगरी. आमच्या घरात 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'ल'. आम्ही कळंबोलीला राहत नाही, कलंबोलीला राहतो! मी माईकसमोर तीनदा 'पानी' म्हणालो. मोटर ढिम्म. परीक्षक हसून म्हणाले की आधी जीभ दुरुस्त कर, सर्किटचं नंतर बघू. सगळा हॉल हसला. मीसुद्धा हसलो, दुसरं काय करणार?

घरी आल्यावर मात्र एकच प्रश्न डोक्यात होता. माझ्या जिभेत नक्की बिघाड कुठे आहे? आपण इंजिनिअर, बिघाड शोधायचा तर आधी यंत्र कसं चालतं ते समजून घ्यायला हवं. म्हणून उच्चारांवरची पुस्तकं शोधायला लागलो आणि भांडारकर भेटले. तोपर्यंत मला पुण्यातला भांडारकर रोड तेवढा माहीत होता.

भांडारकर आपल्या कोकणातलेच. ६ जुलै १८३७ रोजी मालवणला जन्म. वडील महसूल खात्यात कारकून. त्यांची बदली रत्नागिरीला झाली म्हणून मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. तिथून १८५३ मध्ये तो मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गेला. तिथे गणित शिकवायला होते साक्षात दादाभाई नौरोजी. आता गंमत ऐका. पुढे जगभर संस्कृतचे पंडित म्हणून गाजलेल्या या माणसाने संस्कृतचा खरा अभ्यास सुरू केला तो कॉलेज झाल्यावर! शिक्षण खात्याचे प्रमुख हॉवर्ड यांनी सुचवलं आणि दक्षिणा फेलो असताना ते शास्त्र्यांकडे बसून शिकले. म्हणजे विशी उलटल्यावर. केटी लागली की आता आपलं काही होणार नाही म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

१८६२ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.ए. झालेल्या पहिल्याच तुकडीत भांडारकर होते, न्यायमूर्ती रानडे यांच्यासोबत. पुढच्या वर्षी एम.ए. मग सिंधमधल्या हैदराबादला आणि त्यानंतर रत्नागिरीला हेडमास्तर. उशिरा शिकल्यामुळे संस्कृत नवख्याला कुठे अडतं हे त्यांना बरोबर माहीत होतं. शाळेच्या मुलांसाठी त्यांनी 'मार्गोपदेशिका' लिहिली, आणि तिच्यावर कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये संस्कृत शिकवू लागले, पण १८७३ मध्ये प्राध्यापकाची कायमची जागा विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली. भांडारकर चिडून घरी बसले नाहीत. काम करत राहिले.

आणि मग आलं १८७७ साल. डॉक्टर जॉन विल्सन यांच्या नावाने मुंबई विद्यापीठात भाषाशास्त्राची व्याख्यानमाला सुरू झाली आणि पहिली व्याख्यानं द्यायला भांडारकरांना बोलावलं. एकूण सात व्याख्यानं. संस्कृतपासून पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि शेवटी आपल्या आजच्या भाषा, असा सगळा प्रवास. त्यातलं एक अख्खं व्याख्यान फक्त उच्चारांवर. याच वर्षी तिकडे अमेरिकेत एडिसनने फोनोग्राफ बनवला. म्हणजे भांडारकर बोलत होते तेव्हा आवाज साठवून ठेवायचं यंत्र जेमतेम जन्माला येत होतं. उच्चार लिहायची जी आंतरराष्ट्रीय चिन्हं आज वापरतात, ती आणखी अकरा वर्षांनी, १८८८ मध्ये आली. भांडारकरांची लॅब म्हणजे दोन कान, एक तोंड आणि जुन्या पोथ्या.

तसं बघितलं तर आपली बाराखडी हाच तोंडाचा नकाशा आहे. क म्हणा, आवाज घशाजवळ अडतो. च टाळूला, ट त्याहून पुढे जीभ वर वळवून, त दातांशी, प ओठांवर. आता 'सप्त' म्हणून बघा. प साठी ओठ मिटले, ते उघडून लगेच जीभ दातांवर. एकाच शब्दात दोन जागी काम. घाईत बोलणारा काय करतो? पहिली जागा सोडून देतो आणि दुसरीच दुप्पट वापरतो. सप्तचं झालं सत्त. हस्तचं हत्थ, दुग्धचं दुद्ध, कर्णचं कण्ण. ही झाली प्राकृत. मग पुढच्या पिढ्यांनी ती दुप्पटही सोडली, पण वाचलेला वेळ वाया घालवला नाही, मागचा स्वर लांबवला. सात, हात, दूध, कान! म्हणजे शब्दाला लागणारा एकूण वेळ जवळपास तेवढाच. मला तर हे वाचताना कॉन्झर्वेशन ऑफ एनर्जीच आठवलं.

सगळ्यांनी तिसरी पायरी घेतली असंही नाही. पंजाबीत अजून सत्त, हत्थ, दुद्ध, कन्न असंच म्हणतात. खोटं वाटत असेल तर आपल्या कळंबोलीच्या लोखंड बाजारात जा. ट्रकजवळ चहा पीत बसलेल्या सरदारजींना सात म्हणायला सांगा. दोन हजार वर्षांपूर्वीची पायरी तिथे जिवंत ऐकायला मिळेल, आणि आपण रोज तिथून हॉर्नला शिव्या देत जातो! भांडारकरांनी हेच केलं होतं. मराठी, हिंदी, गुजराती, सिंधी, पंजाबी, बंगाली अशा भाषा शेजारी शेजारी मांडल्या. आणि मालवणकडची, गोव्याकडची बोलीसुद्धा पुरावा म्हणून घेतली. गावठी म्हणून बाजूला टाकली नाही.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. संस्कृतमध्ये फळाला काय म्हणतात? फल. काळाला काल, कमळाला कमल. दोन स्वरांच्या मध्ये एकटा सापडलेला ल मराठीने जीभ मागे वळवून ळ केला. जोडीने असलेला ल मात्र वाचला. म्हणून संस्कृत 'कल्य', त्याचं प्राकृत 'कल्ल' आणि त्याचं मराठी 'काल', म्हणजे गेलेला दिवस. काळ आणि काल यांच्यातला फरक लहर म्हणून आलेला नाही, नियमाने आलेला आहे. न चंही तेच. संस्कृत 'पानीय', त्याचं मराठी 'पाणी'. एकटा न, झाला ण. आणि 'कर्ण' मध्ये ण असूनसुद्धा प्राकृतात तो जोडीने आला, म्हणून मराठीत 'कान' झाला. पुण्यातही कोणी 'काण' म्हणत नाही, आणि त्यावर कोणी हसतही नाही.

म्हणजे बघा, ज्या ण आणि ळ वरून मला हसले, ते दोन्ही उच्चार या शब्दांत कधी काळी कोणाच्या तरी 'बिघडलेल्या' जिभेतूनच आले. संस्कृतचा एखादा कडक गुरुजी पहिल्यांदा 'पाणी' ऐकून हसलाच असेल!

हे वाचल्यावर मी दोन दिवस कॉलर टाइट करून फिरलो. आम्ही आगरी पानी म्हणतो, संस्कृतात पानीय आहे, म्हणजे आम्हीच जुने आणि शुद्ध. पण मग लक्षात आलं की हेही खोटंच. आम्ही न जपून ठेवलेला नाही. आमच्याकडे एकूण एक ण चा न होतो. 'गुण' हा संस्कृतात ण चाच शब्द, आम्ही त्यालाही गुन म्हणतो. म्हणजे न चा ण झाला आणि आमच्याकडे तो पुन्हा न झाला. आम्ही मागे राहिलो नाही, एक पायरी पुढे गेलो, आणि तीही नियमानेच. बढाई मारायची सोय गेली, पण लाजायचं कारणही गेलं. या माणसाच्या पद्धतीचा हाच त्रास आहे आणि हीच मजा. ती कोणाचीच बाजू घेत नाही.

लिहिलेलं अक्षर आणि तोंडातला आवाज यांचं भांडण मग मला जिथे तिथे दिसायला लागलं. 'चार चाकं' म्हणा. दोन्हीकडे च एकच, पण आवाज दोन. चाक, चूल, चोर म्हणताना जीभ दातांजवळ, चिंच, चेहरा म्हणताना टाळूला. इ, ए, य आले की टाळू, नाहीतर अस्सल मराठी शब्दात दात. 'माझा' आणि 'माझी' लागोपाठ म्हणा, झ बदललेला कळेल. मग 'चार'मध्ये पुढे आ असून टाळूचा च कसा? कारण जुन्या मराठीत तो 'च्यारि' होता. य पुसला गेला, पण जिभेला अजून आठवतो आहे! आणि रोमन लिपीत तर आणखी वाईट अवस्था. आपल्या स्टेशनच्या इंग्रजी पाटीवर ळ आणि ल दोघांना एकच एल. म्हणूनच बाहेरून आलेली मुलं कलम्बोली म्हणतात. अभ्यासक ळ साठी एलच्या खाली टिंब देतात. १८९४ मध्ये जिनिव्हाला प्राच्यविद्या परिषदेत अशा टिंबांची आणि रेघांची पद्धत ठरवली गेली. एक टिंब, पण ते नसेल तर गावाचं नाव बदलतं.

भांडारकरांचं पुढचं आयुष्य म्हणजे मानांची यादीच आहे. १८८२ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक, १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास, १८८५ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाची मानद डॉक्टरेट, १८८६ मध्ये व्हिएन्नाची प्राच्यविद्या परिषद, १८९३ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, १९११ मध्ये सर. पण मला जास्त मोठी वाटते ती घरातली गोष्ट. ते प्रार्थना समाजाचे. विधवाविवाहाला शास्त्राचा आधार आहे हे त्यांनी नुसतं सांगितलं नाही, १८९१ मध्ये स्वतःच्या विधवा मुलीचं लग्न लावून दिलं आणि जातीतल्या लोकांचा रोष सोसला. लोक काय म्हणतात यापेक्षा पुरावा काय म्हणतो, हे त्यांनी पोथीपुरतं ठेवलं नाही.

१९१७ मध्ये, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था सुरू झाली. आपला सगळा ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला. १९१९ मध्ये तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. बाराशेहून जास्त हस्तलिखितं समोर ठेवून कुठला पाठ जुना, कुठला मागून घुसलेला, हे ठरवायचं. ते १९६६ मध्ये पूर्ण झालं. बघायला भांडारकर नव्हते. २४ ऑगस्ट १९२५ रोजी पुण्यात ते गेले होते. पण पद्धत त्यांचीच होती. सगळे पाठ गोळा करा, शेजारी मांडा, नियम शोधा, निकाल त्यानंतर.

आणि आमच्या पंपाचं काय झालं? बी.ई.ला तोच प्रोजेक्ट पुढे घेतला. आधी विचार होता की मी घोटून घोटून 'पाणी' म्हणायला शिकायचं. आता उलट केलं. माझ्या आवाजात, मग आईच्या, शेजारच्या काकांच्या, आणि बाजारातल्या दोन ड्रायव्हर काकांच्या आवाजात तोच शब्द भरला. प्रोग्रॅमला नियम दिला की या शब्दात न आला काय आणि ण आला काय, काम एकच. बिघाड जिभेत नव्हताच. आम्ही यंत्राला मराठीचा एकच कोपरा ऐकवला होता, हा आमचा डिझाइनमधला दोष.

घरी ट्रायल घेतली तेव्हा माईकसमोर आजीला उभं केलं. ती आधी लाजली, यंत्राशी काय बोलायचं म्हणाली. मग पदर सावरून एकदाच म्हणाली, पानी. मोटर सुरू झाली.

२०२४ मध्ये आपल्या मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. चांगलंच झालं. पण मित्रांनो, ती अभिजात मराठी आजीच्या तोंडातही आहे, मालवणच्या बंदरावरही आहे. पुढच्या वेळी व्हायवात, कॅन्टीनमध्ये, होस्टेलवर कोणी वेगळं बोललं तर हसायच्या आधी एक मिनिट थांबा आणि त्यामागचा नियम शोधा. सापडेलच.

(अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)