सायलेन्सर बनवणारा माणूस: हायरम पर्सी मॅक्सिम

रेवस, थळ, मुरुड, दिघी. रायगडच्या किनाऱ्यावर कुठेही राहत असाल तर हा आवाज तुम्हाला पाठ असेल. पहाटे मासळी आणि बर्फ भरून एक डिझेल पिकअप निघतो, त्याचा सायलेन्सर फाटलेला असतो आणि अर्धं गाव जागं होतं. गॅरेजमध्ये गेलं की दोन सल्ले मिळतात. एक, नवीन सायलेन्सर टाका. दुसरा, सरळ पाइप वेल्ड करून टाका, पिकअप वाढेल. यातला कुठला बरोबर, हे कळायला एका माणसाची गोष्ट उपयोगी पडते. हा माणूस आयुष्यभर आवाजाच्या मागे लागला होता.

बाप मशीनगनवाला

हायरम पर्सी मॅक्सिम यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ ला न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये झाला. वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम म्हणजे मॅक्सिम मशीनगनचे जनक. काका हडसन मॅक्सिम स्फोटकांचे संशोधक. म्हणजे घरात सगळा धडाम-धुडूमचाच कारभार! वडील पुढे इंग्लंडला गेले आणि तिकडचेच झाले. स्वतःच्याच तोफा-बंदुकांच्या आवाजाने त्यांची ऐकण्याची शक्ती जवळजवळ गेली. मुलाने मात्र नाव कमावलं ते आवाज कमी करण्यात.

पर्सी १८८६ मध्ये एमआयटीच्या यंत्रकलेच्या शाळेतून बाहेर पडले, तेव्हा ते सतरा वर्षांचेही नव्हते. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन शहरात तोफगोळे बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करताना, १८९२ च्या सुमारास, त्यांच्या डोक्यात घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीचं खूळ शिरलं. त्यांनी पायडलच्या तीनचाकीवर स्वतः बनवलेलं पेट्रोल इंजिन बसवलं. त्या काळची इंजिनं म्हणजे नुसता फटफटाट. १८९५ मध्ये ते हार्टफर्डच्या पोप कंपनीत गेले आणि तिथे इलेक्ट्रिक गाड्यांवरही काम केलं. इलेक्ट्रिक गाडी शांत आणि पेट्रोलची गाडी कर्कश, हा फरक त्यांच्यासमोर रोज होता.

बाथटबमधलं पाणी

पर्सी यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट बाथटबची आहे. टबमधलं पाणी भोवरा करत भोकातून जाताना पाहून त्यांना कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. पाणी गोल फिरत असल्यामुळे एकदम बाहेर पडत नाही, हळूहळू जातं. मग बंदुकीतून सुटणारा वायूही असाच फिरवत बाहेर सोडला तर?

आवाज मुळात होतो कसा? प्रचंड दाबाखालचा गरम वायू बाहेरच्या शांत हवेवर एका झटक्यात आदळतो, तो धक्का म्हणजे आवाज. वायू तेवढाच सोडायचा, पण झटका पसरवून टाकायचा. सर्व्हरवर एकदम हजार रिक्वेस्ट आल्या तर आपण मध्ये एक रांग लावतो आणि त्या ओळीने सोडतो. हे तसंच आहे.

३० मार्च १९०९ ला त्यांना बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं आणि धंदा सुरू झाला. पण एक गोष्ट या यंत्राला कधीच जमली नाही. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने गेली तर हवेत तिचा स्वतःचा कडाका होतो आणि सायलेन्सर तो थांबवू शकत नाही, कारण तो आवाज नळीतून येतच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बंदुकीकडून इंजिनाकडे

सायलेन्सर लोकांच्या मनात गुन्हेगारीशी जोडला गेला. १९३४ मध्ये अमेरिकेने कायदा करून बंदुकीच्या सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर लावला. त्या काळात ही रक्कम जबरदस्त होती. पण पर्सी यांची कंपनी यावर अवलंबून राहिली नव्हती. तेच तत्त्व त्यांनी इंजिनांच्या एक्झॉस्टला लावलं आणि जहाजांची व कारखान्यांची मोठी इंजिनं शांत करायचं काम कंपनी करू लागली. मॅक्सिम सायलेन्सर हा ब्रँड औद्योगिक इंजिनांसाठी आजही आहे.

गाडीला मफलर लावणारे ते पहिले नव्हेत. अमेरिकेतल्याच रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं.

तुमच्या पिकअपच्या पोटात काय चालतं

चार सिलिंडरचं डिझेल इंजिन २,४०० आरपीएमला फिरत असेल तर सेकंदाला ८० स्फोट होतात. म्हणजे एक्झॉस्टचा मुख्य सूर ८० हर्ट्झचा. सायलेन्सरच्या डब्यात भोकांच्या नळ्या आणि लहानमोठे कप्पे असतात. वायू त्यात पसरतो, ध्वनिलहरी भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींना खोडून काढतात. काहींमध्ये ग्लास वूल भरलेलं असतं, ते वरच्या पट्टीचा आवाज शोषतं. पण ८० हर्ट्झची लहर गरम वायूत जवळपास ६ मीटर लांब असते. ती ग्लास वूलला दाद देत नाही, तिला कप्पे लागतात. म्हणून सरळ पाइप टाकला किंवा पुंगळी काढली की तो छातीत घुमणारा आवाज मोकळा सुटतो.

आता बंदुकीच्या गोळीकडे परत या. डिझेलचाही सगळा आवाज नळीतून येत नाही. इंजिनाची टकटक इंजेक्टर आणि ज्वलनातून येते, ती सायलेन्सर बदलून जाणार नाही. म्हणून आधी आवाज कुठून येतो ते शोधा:

– थंड इंजिन सुरू करून जोडांपाशी कान द्या. फसफस येत असेल किंवा काजळीचे काळे डाग असतील तर गॅस्केट गेलंय किंवा क्लॅम्प सैल आहे. हे काम स्वस्तात होतं.
– सायलेन्सर लटकवायचे रबर तुटले असतील तर पाइप चासीला आपटतो.
– डबा थंड असताना हलवून बघा. आत खडखड झाली तर आतले पत्रे सुटलेत.
– किनाऱ्यावर बाहेरून खारी हवा गंज धरवते. आतून, डिझेल जळून तयार झालेलं पाणी छोट्या फेऱ्यांमध्ये उडून जात नाही, तेही पत्रा खातं. डब्याचा खालचा भाग दर पावसाळ्यानंतर बघा.
– हे सगळं उघड्यावरच करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धूर जीवघेणा असतो.

नवीन डबा टाकताना त्याच मॉडेलचा घ्या. फार कोंडणारा सायलेन्सर लावला तर वायू मागे तुंबतो आणि डिझेल जास्त लागतं. बीएस६ गाडी असेल तर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर काढायचा विचारही करू नका. मोटार वाहन नियमांच्या १२० क्रमांकाच्या नियमानुसार सायलेन्सर सक्तीचा आहे आणि आवाजाची मर्यादा मोडली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाच्या आधी कान जातात, तेही सगळ्यात आधी ड्रायव्हरचे.

आवाज बंद, संवाद चालू

पर्सी यांना गोंगाट नको होता, पण संवाद हवा होता. हॅम रेडिओवर हार्टफर्डहून स्प्रिंगफील्डला संदेश थेट पोहोचेना, तेव्हा मधल्या गावातल्या हौशी माणसाने तो पुढे पाठवला. यातूनच १९१४ मध्ये त्यांनी अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी केली. मोबाइल टॉवरच्या आधीची ही माणसांची रिले साखळी! ती संस्था आजही चालू आहे. १७ फेब्रुवारी १९३६ ला, कॅलिफोर्नियातली वेधशाळा बघायला रेल्वेने जात असताना वाटेत आजारी पडून कोलोरॅडोमध्ये त्यांचं निधन झालं.

बापाने आवाज करून नाव मिळवलं आणि कान गमावले. मुलाने ताकद कमी न करता आवाज कमी करण्यात आयुष्य घातलं. पुढच्या वेळी गॅरेजवाल्याने सरळ पाइप सुचवला तर त्याला नाही म्हणा आणि आधी क्लॅम्प बघायला सांगा.