साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजीं कोंकणांतील पालगड येथें झाला. अमळनेरास शिक्षक असतां त्यांनीं वसतिगृहांतील मुलांची आईप्रमाणें सेवा केली. इ. स. १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहिलें. अस्पृश्य मानलेल्या वृद्धेची मोळी उचलून देण्यास आई श्यामला पाठविते, ही गोष्ट त्यांतलीच. ती ऐकून मूल दुसऱ्याचें ओझें पाहूं लागतें. पंढरपूरचें मंदिर अस्पृश्यांस खुलें व्हावें म्हणून इ. स. १९४७ मध्यें गुरुजींनीं उपोषण केलें. तें खुलें झालें. ११ जून १९५० रोजीं ते निवर्तले.

शेजारी कोण, हें प्रभूनेंही दाखल्यानेंच शिकविलें. गोंदियाकडील आईबापहो, रात्रीं मुलांस अशी गोष्ट सांगा, आणि सकाळीं शेजाऱ्याचें ओझें उचलावयास त्यांस संगें न्या.