शिकारीचा चोख हिशेब

अमेरिकेच्या आयोवा राज्यात मिसिसिपी नदीकाठी बर्लिंग्टन नावाचे गाव आहे. तिथे कार्ल लिओपोल्ड नावाचे गृहस्थ लिहिण्याची मेजे बनवण्याचा कारखाना चालवीत आणि सवड मिळाली की बदकांच्या शिकारीला जात. त्या काळी वसंतात, म्हणजे ऐन विणीच्या तोंडावर, बदके मारायला कायद्याची आडकाठी नव्हती. कार्ल यांनी मात्र आपण होऊन ती शिकार सोडून दिली. मुलाच्या हाती एकनळी बंदूक दिली तेव्हाही अट घातली, की झाडावर बसलेला पक्षी मारायचा नाही. ११ जानेवारी १८८७ रोजी जन्मलेला हा मुलगा म्हणजे आल्डो लिओपोल्ड.

वन्यजीव व्यवस्थापन या शास्त्राचा जनक एक हाडाचा शिकारी असावा, हे आपल्याकडच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार हा शब्दच गुन्ह्याशी जोडला गेला. त्याआधी संस्थानिकांनी शिकारीच्या नोंदी ठेवल्या नाहीत असे नाही. वाघ नाकापासून शेपटीपर्यंत किती भरला, हे मोठ्या हौसेने लिहून ठेवले जाई. पण ती नोंद मिरवण्यासाठी होती. रानात मागे किती उरले, हा प्रश्न त्या वहीला कधी पडला नाही. लिओपोल्ड यांनी आयुष्यभर नेमका तोच प्रश्न विचारला.

येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन १९०९ साली ते सरकारी वनखात्यात रुजू झाले आणि ॲरिझोनाच्या डोंगराळ मुलखात गेले. तिथे त्यांनी एक लांडगी मारली. लांडगे कमी झाले की हरणे वाढतील आणि हरणे वाढली की शिकाऱ्यांची चंगळ होईल, असे साधे गणित त्यांच्या मनात होते. त्या मरत्या जनावराच्या डोळ्यांत विझत गेलेला हिरवा उजेड त्यांना पुढे आयुष्यभर छळत राहिला. पण हे शहाणपण एका रात्रीत आले नाही. त्यानंतरही कित्येक वर्षे ते न्यू मेक्सिकोतल्या शिकारी मंडळींच्या संघटनेचे चिटणीस म्हणून लांडगे आणि पहाडी सिंह यांचा नायनाट करा, असाच प्रचार करीत होते. त्यांच्या चरित्रकारांनी ही गोष्ट झाकून ठेवलेली नाही, ते बरे केले.

१९१३ साली मूत्रपिंडाच्या आजाराने ते मरता मरता वाचले. वर्षाहून अधिक काळ अंथरुणात आणि विश्रांतीत गेला. कामावर परतल्यावर त्यांना शिकारीच्या जनावरांचे खाते मिळाले आणि मग हा विषय सुटलाच नाही. १९२८ मध्ये सरकारी नोकरी सोडून त्यांनी उत्तर-मध्य राज्यांतल्या शिकारीच्या पशुपक्ष्यांची पाहणी हाती घेतली. पैसा बंदुका आणि काडतुसे बनवणाऱ्या कारखानदारांच्या संस्थेचा होता! पक्षी संपले तर काडतुसे कोण घेणार, एवढे त्या व्यापाऱ्यांना कळत होते. गावोगाव हिंडून, शेतकऱ्यांना आणि शिकाऱ्यांना विचारून त्यांनी १९३१ साली अहवाल दिला. १९३३ मध्ये त्यांचा ‘गेम मॅनेजमेंट’ हा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांच्यासाठी या विषयाचे प्राध्यापकपद निर्माण केले. असे पद त्यापूर्वी कुठेच नव्हते.

या ग्रंथातला विचार शेतकऱ्याला चटकन पटेल असा आहे. रानातले जनावर हे पीक आहे. किती पेरले, किती उगवले आणि किती कापून नेले, हे ठाऊक नसेल तर शेती चालत नाही. रानातली जनावरे मोजणे अवघड. ती काही दावणीला बांधलेली नसतात. पण मारलेले जनावर माणसाच्या हातात येते. त्याचे लिंग कळते, दातांच्या झिजेवरून वय कळते. कोवळी जनावरे किती आणि जून किती, हे पाहिले की मागे रानात काय चालले आहे याचा अंदाज बांधता येतो. मात्र शिकाऱ्याने खरे सांगितले पाहिजे. ज्याला शिकार मिळाली तो उत्साहाने कळवतो. दिवसभर थंडीत बसून रिकाम्या हाताने परतलेला गप्प राहतो. मग कागदावर रान भरलेले दिसते आणि प्रत्यक्षात ओस पडलेले असते. म्हणून रिकाम्या हाताची नोंदही भरल्या हाताइतकीच मोलाची. लिओपोल्ड स्वतः शिकारीची रोजनिशी ठेवीत.

खरी कसोटी लागली ती विस्कॉन्सिनच्या हरणांवरून. मादी मारायची नाही या नियमामुळे आणि लांडगे जवळपास संपल्यामुळे तिथे हरणांचा सुळसुळाट झाला होता. हिवाळ्यात हरणे दाट झाडीत आसऱ्याला जमत. पोहोचेल तेवढा पाला त्यांनी ओरबाडून खाल्ला होता आणि पाडसे उपासाने मरत होती. १९४२ मध्ये नेमलेल्या नागरिक समितीचे लिओपोल्ड अध्यक्ष होते. कळप कमी करा, माद्याही मारू द्या, असे समितीने सांगितले. १९४३ च्या हंगामात आधी चार दिवस नर आणि मग चार दिवस माद्या व पाडसे अशी परवानगी मिळाली. सुमारे १ लाख २८ हजार हरणे पडली.

लोक खवळले. ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ असे त्या हंगामाचे नाव पडले. हरणे वाचवा म्हणून एक खास वृत्तपत्रच निघाले आणि त्यात लिओपोल्ड यांच्यावर तोंडसुख घेणे सुरू झाले. त्याच वर्षी ते राज्याच्या संरक्षण आयोगाचे सदस्य झाले होते, त्यामुळे सारा रोष त्यांच्यावरच आला. पुढच्याच वर्षी आयोगाने पुन्हा केवळ नर मारण्याचा नियम आणला.

विरोधकांचा सारा राग अडाणीपणाचा होता, असे म्हणून सुटता येणार नाही. लिओपोल्ड यांच्या हाती भक्कम आकडे नव्हतेच. ॲरिझोनातल्या कैबाब पठाराचे उदाहरण ते नेहमी देत. तिथे १९०६ पासून शिकार बंद झाली, हिंस्र श्वापदे मारली गेली आणि हरणे चार हजारांवरून लाखाच्या घरात जाऊन १९२४ नंतर भुकेने मेली. हा आलेख त्यांनी १९४३ च्या एका लेखात छापला. पण लाख हा आकडा निरनिराळ्या पाहणाऱ्यांच्या अंदाजांतला सर्वांत मोठा होता. कोणी तीस हजारच म्हणत होते. १९७० मध्ये ग्रॅम कॉली या शास्त्रज्ञाने ही उणीव जाहीरपणे दाखवली. चोख हिशेबाचा आग्रह धरणाऱ्या माणसानेच कच्चा आकडा पक्का म्हणून वापरला होता. पाला संपला होता, हरणे मेली होती, हे खोटे नव्हे. पण किती, ते कोणी नीट मोजलेच नव्हते.

१९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीजवळ एक नापीक शेत घेतले होते. कोंबड्यांच्या जुन्या खुराड्याची डागडुजी करून सारे कुटुंब तिथे सुटीला जाई. पत्नी एस्टेला आणि पाच मुले यांनी मिळून हजारो पाइनची रोपे लावली. पहाटे कॉफीचे भांडे आणि वही घेऊन लिओपोल्ड बाहेर बसत आणि कोणता पक्षी किती उजेडाला गाऊ लागतो, हे टिपून ठेवीत. बंदुकीची जागा हळूहळू वही घेत होती.

तिथले निबंध प्रसिद्ध करायला प्रकाशक मिळत नव्हता. १४ एप्रिल १९४८ रोजी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचा होकार फोनवर आला. बरोबर एका आठवड्याने, २१ एप्रिलला, शेजाऱ्याच्या रानात गवताला आग लागली. ती विझवायला धावलेले लिओपोल्ड हृदयविकाराच्या झटक्याने तिथेच कोसळले. वय ६१. ‘सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक १९४९ मध्ये, त्यांच्या पश्चात निघाले. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये माद्यांची शिकार पुन्हा खुली झाली.

१९५३ पासून तिथे मारलेले प्रत्येक हरीण नोंदणी केंद्रावर नेऊन दाखवणे सक्तीचे झाले. गाडीच्या टपावर हरीण बांधून शिकारी रांगेत उभे राहत आणि केंद्रावरचा माणूस जबडा उघडून दात पाहत असे. २०१५ पासून ही नोंद फोनवरून किंवा संगणकावरून होते. रांगा गेल्या, खरे सांगण्याची जबाबदारी मात्र पुन्हा एकट्या शिकाऱ्यावर आली.